बाबांनी जेवायला आणलेली माणसं

आमच्या घरी कोणी पाहुणा जेवायला आला की मला मागच्या दारानं पळून जावंसं वाटायचं. नात्यातल्या पाहुण्यांचं नाही म्हणत मी. ते आले की नुसती भांडी वाढतात. मी म्हणते ते बाबांनी आणलेले पाहुणे. बाबा पांढुर्ण्याच्या मंडीत गेटवर होते. आत येणाऱ्या बैलबंड्यांच्या, ट्रकांच्या पावत्या फाडायच्या, हे त्यांचं काम. दिवसभर समोरून गावोगावची माणसं जायची, आणि बाबांना बोलायला कोणीही चालायचं. त्यातला एखादा पसंत पडला की संध्याकाळी तो बाबांच्या सायकलवर मागे बसून आमच्या दारात हजर. हातपाय धुऊन झाले, ताट समोर आलं, की बाबा मला हाक मारायचे. मी येऊन भिंतीशी बसायचे. मग बाबा पाहुण्याला म्हणायचे, हं, आता सांगा जी आमच्या पोरीले तुमची कहानी.

त्याआधी माझी कहाणी ते स्वतःच सांगून टाकायचे. "हे आमची मोठी. अकरावीत नापास झाली. डोकं आहे, पन हिंमत नाही." दरवेळी हेच, याच शब्दांत. पाहुणा भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे पाहायचा, आणि मी जमिनीकडे. सारवलेल्या जमिनीला कुठे किती पोपडे आलेत ते मला तोंडपाठ झालं होतं.

ऐंशीनंतरची ही गोष्ट. आमचा भाग हिंदी राज्यात, तिथे तेव्हा अकरावी बोर्डाची असायची. वस्तीतल्या मुली बहुतेक आठवीतच घरी बसायच्या, मी अकरावीपर्यंत गेले म्हणून बाबांची मान मंडीत ताठ होती. आणि मी नापास झाले. वर आणखी सांगून टाकलं की आता मी परीक्षेला बसणार नाही. मामाला तेवढंच पाहिजे होतं. त्याने लोधीखेड्याचं स्थळ धरून ठेवलं होतं, सायकल दुरुस्तीचं दुकान, पोरगा बिडीसुद्धा ओढत नाही, आणि नापास पोरीला याच्यापेक्षा चांगलं कोण मिळते, हे मामाचं पालुपद. बाबांनी त्याला सांगितलं, पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ येऊ द्या. भरला तर शिकेल, नाही भरला तर तुम्ही म्हणाल तिथे देऊ. म्हणजे सगळं माझ्यावर. मला लग्न नको होतं. मला शिकायचं होतं, मनापासून. पण परीक्षेच्या त्या खोलीत परत जाऊन बसणं माझ्यानं होणार नव्हतं.

काय झालं होतं ते सांगते. तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता काय राहिलं आहे लाजायचं. गणिताचा पेपर होता. पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच मला समजलं, जे पुढच्या आठवड्यात व्हायचं ते आजच झालं. शाळेचा ड्रेस निळा कुर्ता आणि पांढरी सलवार. खोलीत आम्ही दोघी-तिघी मुली, बाकी सगळी पोरं, आणि पहाऱ्यावर दुसऱ्या शाळेचे हिंदी बोलणारे गुरुजी. मी पाय आवळून बसले. मला गणितं येत होती, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळ्यांनी मला ढ ठरवलं. पुरवणी मागायला उभं राहावं लागायचं. मी उभी राहिले नाही. कॉपीची, म्हणजे उत्तराच्या वहीची, पानं संपली तशी मी पेन खाली ठेवला, आणि येत असलेली गणितं समोर घेऊन घंटेपर्यंत नुसती बसून राहिले.

घंटा झाली, सगळे उठले, मी बसलेलीच. गुरुजी म्हणाले, चलो, उठो. मी उठेना. ते ओरडले, तेव्हा दारापर्यंत गेलेली पोरं वळून पाहायला लागली. मग मी उठले, लिहायचा पुठ्ठा मागे धरला. बाकावर काय राहिलं ते पाहायची माझ्यात ताकद नव्हती. मागून एक पोरगा हसला. त्या हसण्यावरून मला कळलं की त्याला कळलं. बाजारातून घरापर्यंत तो पुठ्ठा मी तसाच धरून आले. मायनं पाहिलं आणि मोरीत पाणी काढून दिलं. उरलेल्या पेपरांना मी गेलेच नाही. पोट दुखतं म्हणून गोधडी घेऊन पडून राहिले. तीच खोली, तोच बाक, तीच पोरं. कोणी मारून टाकलं असतं तरी गेले नसते.

तुम्ही म्हणाल, बापाला सांगायचं की सरळ. कसं सांगायचं बापा? आमच्या शेजारी एका गुरुजींचं घर होतं, त्यांची मुलगी माझ्या वर्गात. तिच्या घरी सगळं पाळायचे. तिला कावळा शिवला की ती मागच्या पडवीत पोतं टाकून बसायची, तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. तिचे वडीलसुद्धा तिकडे न पाहता म्हणायचे, अरे, पोरीला पाणी द्या कोणी. वाईटच होतं ते, ती रडायची. पण तिला कधी काही सांगावं लागलं नाही. ती पडवीत दिसली की घराला समजून जायचं.

आमचं घर बौद्धांचं. माझी पहिली वेळ आली तेव्हा मायनं मला तिच्या मायच्या रीतीनं कोपऱ्यात बसवलं होतं. बाबा मंडीतून आले, पाहिलं आणि भडकले. म्हणाले, हे जुनं सोंग आपल्या घरात चालनार नाही, पोरगी चुलीपाशी जाईन, विहारातही जाईन, कोन काय म्हन्ते ते मी पाहीन. त्या दिवशी बाबांचा मला फार अभिमान वाटला, आजही वाटतो. पण झालं काय, कोपरा गेला आणि त्याच्यासोबत सांगायची सोयही गेली. पाळायचं नाही म्हटल्यावर त्या गोष्टीचं घरात नावच निघेना. माय मला नुसती डोळ्यांनी विचारायची, मी डोळ्यांनीच सांगायचे. बाबांसाठी तर ते संपूनच गेलं होतं, देवी रोग संपला तसं. मी मायला म्हटलं, तू सांग नं त्यांना पेपराचं. ती म्हणाली, मानसाले काय सांगतं ते, तब्येत बिघडली म्हन.

तर बाबांनी आपल्या मनानं ठरवलं की पोरगी पेपर पाहून भ्याली. त्याच सुमारास विहारात नागपूरकडचे कोणी वक्ते येऊन गेले. ते म्हणाले, थोरामोठ्यांची चरित्रं वाचाच, पण आपल्या शेजारच्या साध्या माणसाच्या जगण्यातही प्रेरणा असते, ती घेत चला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, खीर खाल्ली आणि घरी गेले. बाबांनी मनावर घेतलं. त्या पंधरवड्यापासून आमच्या घरी प्रेरणा जेवायला यायला लागली.

पहिला आला तो मंडीतलाच हमाल. पोती वाहून पाठीत बाक आलेला, पण दोन्ही पोरं शिकत होती. मग एक आला, तो सौसरच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तिथे यंत्रात त्याची उजव्या हाताची बोटं गेली होती. तो आता डाव्या हातानं संत्र्याच्या पेट्यांना दोरी बांधायचा. सांगता सांगता तो रडला, बाबाही रडले, आणि रडून झाल्यावर बाबांनी माझ्याकडे मोठ्या आशेनं पाहिलं. मला काय वाटलं ते बाबांना कुठून समजणार. त्या माणसाची बोटं गेली तरी तो कामावर परत गेला, आणि माझं काय गेलं होतं? बोट नाही, हात नाही. ज्याचं नाव घेता येत नाही अशा गोष्टीपायी मी घरी बसले होते. मला इतकी लाज वाटली की त्या रात्री मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

सगळेच काही रडवणारे नव्हते. बोरगावचा एक दोर विकणारा होता. अनवाणी फिरताना दिसला म्हणून बाबांनी त्याला धरून आणला. बाबांनी विचारलं, लहानपनी लय हाल काढले असतील. तो म्हणाला, नाही जी, घरी म्हैस होती. बाबा म्हणाले, मंग बाप लवकर गेला असंन. तो म्हणाला, बाप आहे नं, मंडीत बंडीपाशी बसला आहे, त्यालेही आनू का जेवाले? माय चुलीपुढे पदर तोंडात कोंबून हसत होती. शेवटी बाबांनी विचारलं, चप्पल काहून नाही घालत, तर म्हणे चावते. तरी बाबांनी त्यातून काही काढलंच. तो गेल्यावर मला म्हणाले, पाहा, किती समाधानी मानूस आहे.

हसू नका. मला तेव्हा हसू येत नव्हतं. एकेक जण जेवून जायचा तसा माझ्या नापास होण्याचा डंका आणखी एका गावात वाजायचा. आठवडी बाजारात मी भाजी घेत उभी होते, तर तो बोटं गेलेला माणूस दुरून ओरडून विचारायला लागला, काय बाई, आली का हिंमत? चांगल्या मनानं विचारत होता बिचारा. मी भाजी तिथेच टाकून घरी पळाले. वस्तीतल्या बायांना तर करमणूकच झाली होती. संध्याकाळी बाबांची सायकल दिसली की दारादारातून विचारायच्या, आज कोनाची कहानी आहे वो? दोघी-तिघी तर येऊन ओट्यावर बसायच्याच.

आंबिया बहाराची तोड सुरू झाली आणि मंडी संत्र्यांनी भरली. फॉर्म भरायचे दिवस जवळ आले. मामा दर आठवड्याला चक्कर मारायला लागला. त्या दिवसांत बाबांनी एका बाईला आणलं.

ती पेट्या भरण्याच्या शेडमध्ये कामाला होती. फळ निवडायचं, तणसाचा पेंढा अंथरून पेटीत लावायचं, हे तिचं काम. वय मायपेक्षा जास्त असेल, अंगानं वाळकी, कपाळ मोकळं. बाई पाहुणी आली तर बाबांना वाटलं, आता लागू पडेल पोरीला. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. मी नेहमीच्या जागी. बाबांनी माझी ओळख करून दिली, नापास, डोकं आहे, हिंमत नाही. मग त्या बाईकडे वळले आणि मलाच सांगायला लागले, की हिचा नवरा गेला तेव्हा लहान लेकरं पदरात होती, कोणी पाठीशी नाही, पण शेडमधले सगळे सांगतात, या बाईनं आजपर्यंत एक दिवस खाडा केला नाही.

बाईनं तोंडातला घास संपवला. "कोन सांगलं जी तुमाले? खाडे तं होतेच," ती म्हणाली. "महिन्याचे चार दिवस मी शेडात पाय नाही ठेवत. मुकादम फळाले हातच लावू देत नाही. म्हन्ते, संत्रं सडते."

बाबांना एकदम समजलं नाही. ते म्हणाले, कोन्ते चार दिवस? आणि विचारून झाल्यावर समजलं. तेवढ्यात ती पुढे बोलतही होती, की त्या दिवसांत ती कापूस वेचायला जाते, रोजी कमी मिळते पण बुडत नाही, आणि कापसाला म्हणे काही होत नाही. संत्र्याला होते आणि कापसाला होत नाही, हे काय ते मुकादमालाच माहीत, असं म्हणून ती हसली आणि भाजीत भाकरी मोडायला लागली.

मी तिच्याकडे पाहत राहिले. परक्या पुरुषासमोर, परक्या घरात, भाकरी मोडत मोडत तिनं ते सांगितलं. आवाज खाली आला नाही. पदर सारखा केला नाही. पुढे मी शाळेत शिकवायला लागले, मोठमोठ्यांची भाषणं ऐकली, पण इतक्या साध्या आवाजात कोणी काही सांगितलेलं मला आठवत नाही. मनात आलं, हे असं सांगता येते तर. आणि दुसऱ्याच क्षणी भीती वाटली की आता बाबा काय करतील.

बाबा खाकरले. ताटाकडे पाहत, पण थोड्या अभिमानानंच म्हणाले, "आमच्या घरी असलं काही पाळत नाही, बाई."

"चांगलं करता," ती म्हणाली. "पन पाळत नाही म्हंजे होत नाही का?"

"होते," माय म्हणाली.

ती वळली नव्हती. तिची पाठ आमच्याकडे होती आणि हातातली भाकरी तव्यावर जात होती. "पेपराच्या दिवशी झालं होतं तुमच्या पोरीले. भऱ्या वर्गात, पोराईच्या मधात. मंग कोन्त्या तोंडानं जाईन ते दुसऱ्या पेपराले? हिंमत नाही, हिंमत नाही, साऱ्या मंडीले सांगत सुटले तुमी."

मला आधी मायचाच राग आला. सांगायला सांगितलं होतं तेव्हा सांगितलं नाही, आणि आता ओट्यावर बाया बसलेल्या असताना बोलली. मी उठून मागच्या दारानं मोरीकडे गेले आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसले. अंग नुसतं जळत होतं. पेपराच्या दिवशी जी लाज वाटली ती एका खोलीतली होती, ही साऱ्या वस्तीतली.

थोड्या वेळानं ती बाई हात धुवायला मागे आली. चूळ भरली, तोंड पुसलं, आणि मला विचारलं, "मंग तू काय ठरवलं?" इतक्या महिन्यांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. काय कर, हे सगळे सांगत होते. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, बरं, आणि चालली गेली. मला काही सांगितलं नाही, धीर दिला नाही. दुसऱ्या दिवशी तिला पहाटे शेडमध्ये जायचं होतं.

त्यानंतर बाबांनी कोणाला आणलं नाही. माझ्याशी बोलणंही बंद केलं. बोलणं बंद म्हणजे रागाचं नव्हे, पण मला तेव्हा ते कुठे समजत होतं. मी पाणी दिलं की ते तांब्या घ्यायचे आणि दुसरीकडे पाहायचे. मी खोलीत आले की ते उठून सायकल पुसायला अंगणात जायचे. ओट्यावरच्या एकीनं एकदा विचारलंच, काहून जी भाऊ, कहान्या संपल्या का? बाबा मान खाली घालून घरात आले. त्यांच्याकडे पाहून मला माझीच लाज वाटायची, की माझ्यामुळे या माणसाचं तोंड बंद झालं. मी धरून चालले की आता लोधीखेडा.

मग मामा आला तो फॉर्मची तारीख संपत आली म्हणून खात्री करूनच आला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, तं मंग कळवू ना त्यांना? बाबा म्हणाले, थांबा, तिले विचारतो. मामा हसला, म्हणाला, हिले काय विचारता?

"तेच राहून गेलं होतं," बाबा म्हणाले.

आणि माझ्याकडे नाही, दाराच्या चौकटीकडे पाहून त्यांनी मला विचारलं, "बसतं का परीक्षेले? नाही म्हटलं तरी मी रागावनार नाही. काहून नाही म्हन्तं ते मले माहीत आहे आता." एवढं बोलताना त्यांचे कान लाल झाले. मामाला काही उमजलं नाही, तो एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, बसते. म्हटल्यावर लगेच वाटलं की काय करून बसलो आपण.

प्रायव्हेट बसणाऱ्यांना सेंटर सौसरचं मिळालं. ते एका अर्थी बरंच झालं, तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. रोज सकाळच्या बसनं जायचं, बाबा सोबत. पहिले पेपर नीट गेले. गणिताच्या आदल्या दिवशीच माझं अंग दुखायला लागलं आणि मी समजून गेले. नशीबच असं बघा, तोच पेपर. सकाळी मायनं एका कापडी पिशवीत जास्तीची सलवार आणि जुन्या लुगड्याच्या घड्या घालून दिल्या, वरून वर्तमानपत्र गुंडाळलं. बसस्टँडवर बाबांनी ती माझ्या हातातून घेतली. म्हणाले, माह्यापाशी राहू दे, आत नेऊ देनार नाही. आत काय आहे ते त्यांना मायनं सांगितलं होतं, हे त्यांच्या पिशवी धरण्यावरून दिसत होतं. काचेची बरणी धरतात तशी त्यांनी ती मांडीवर धरली होती. बसमध्ये शेजारच्यानं विचारलं, पोरगी नापास झाली होती का? बाबा म्हणाले, नाही, पेपर सुटले होते. एवढंच बोलून ते खिडकीबाहेर पाहायला लागले. एरवी त्या माणसाची सात पिढ्यांची कहाणी निघाली असती.

शाळेच्या व्हरांड्यात माठ ठेवले होते आणि तिथे पाणी पाजणारी एक बाई होती. बाबा मला म्हणाले, तू थांब इथं. ते तिच्याकडे गेले. मी दुरून पाहत होते. बाबांचं बोलणं म्हणजे रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायचं, पण त्या दिवशी मला एक शब्दही ऐकू आला नाही. ते स्वतःच्या चपलांकडे पाहून बोलत होते, मध्येच थांबत होते, पिशवी या हातातून त्या हातात घेत होते. म्हणजे माझी कहाणी पुन्हा एका परक्या माणसाला सांगून राहिले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाबांचंही काही वेगळं चाललं नव्हतं. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

ती बाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मी इथंच आहो. काही वाटलं तं सरले काही सांगू नोको. पानी माग. मी येतो."

पेपर अर्धा झाला असेल, आणि झालं. बाक शेवटचा मिळाला होता, भिंतीला लागून, पण खोली पोरांनी भरलेली होती. मागच्या वर्षीसारखे पाय आवळून बसले. वाटलं, बसूनच राहावं, आहे तेवढं पुरे. मग त्या शेडमधल्या बाईचं भाकरी मोडणं आठवलं, आणि बाबांचा तो ओला सदरा. मी उभी राहिले. एक-दोन पोरांनी मागे पाहिलं. मी म्हटलं, सर, पाणी पाहिजे. ती बाई पाण्याचा लोटा घेऊन दारात आली, मला पाहिलं आणि सरांना म्हणाली, पोरीला उलटी होते, घेऊन जाते. तिनं मला मागच्या खोलीत नेलं आणि गेटवर जाऊन बाबांकडून पिशवी आणली. मी परत येऊन बसले. माझं तोंड तापलं होतं, पण गणितं येत होती. कॉपीची पानं संपली. मी पुन्हा उभी राहिले आणि पुरवणी मागितली.

घंटा झाल्यावर मागच्या खोलीतून पिशवी घेऊन बाहेर आले तर गेटपाशी सगळ्यांचे बाप आपापल्या पोरांना प्रश्नपत्रिका दाखवायला लावत होते. बाबा एका बाजूला उभे होते. त्यांनी कसा गेला ते विचारलं नाही. मीच म्हटलं, पुरवणी घेतली, बाबा. त्यांनी नुसती मान हलवली. मग त्यांनी माझ्या हातातली पिशवी पकडली. मी सोडेना. तिच्यात माझी मळलेली सलवार होती, ती बाबांच्या हातात कशी द्यायची? मी म्हटलं, राहू द्या, बाबा, मी घेते.

"आन इकडे," ते म्हणाले, आणि माझ्या बोटांतून ती सोडवून घेऊन सौसरच्या भर बाजारातून बसस्टँडपर्यंत माझ्या बाजूनं चालले.